आठ खाटांची एकच नळी

मला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "तू टिकलीस कशाच्या जोरावर?" काहींना उत्तर हवं असतं जिद्द. काहींना हवं असतं श्रद्धा. मी दोन्ही देत नाही, मग ते चहा लवकर संपवून उठतात.

म्हणून एकदाच लिहून ठेवते. ज्यांचं माणूस आत्ता आत मशीनवर आहे आणि जे बाहेर पॅसेजमध्ये सतरंजी टाकून बसलेत, त्यांच्यासाठी. मला पत्रकं लिहायची सवय आहे. वर मागणी, खाली मुद्दे, शेवटी सभेची वेळ. इथे मागणी कुणाकडे करायची तेच कळलं नाही, त्यामुळे लिखाण वेडंवाकडं होईल. चालवून घ्या.

मी प्रज्ञा, वय सव्वीस. गोडादऱ्यात राहते, गुजराती मुलखातल्या कापडाच्या शहरात. आबा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खात्यात कारीगर. माय घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. मूळचे आम्ही अमळनेरकडचे, बौद्ध, घरात अजून तिकडचीच बोली. मी कामगारांच्या एका छोट्या संघटनेत काम करते. आज मी काठी घेऊन चालते, डाव्या हाताला अजून बटण लावता येत नाही. पण श्वास माझा मी घेते. सगळी गोष्ट त्या श्वासाचीच आहे.

सचिनच्या गेटवर

सुरुवात एकदम फालतू झाली. सचिन ह्या कारखान्यांच्या वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या गेटवर, पाळी सुटायच्या वेळेला, मी पत्रकं वाटत होते. आठवडाभर आधी पोट बिघडलं होतं, ते बरं झालं होतं. त्या दिवशी बोटांना मुंग्या येत होत्या. पत्रकं देता देता खाली पडायची. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा अख्खा गठ्ठाच पडला.

"बेन, वाटो छो के फेंको छो?" एक कामगार म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. वाकून गोळा करायला बसले आणि उठता येईना.

गल्लीतल्या डॉक्टरने अशक्तपणा म्हणून बाटली चढवली. शेजारच्या काकूंनी लकवा ठरवून टाकला आणि कबुतराच्या रक्ताने मालीश करणाऱ्याचा नंबर काढला. मी आडवी पडून त्यांना भाषण दिलं, अंधश्रद्धा, विज्ञान, सगळं. भाषण संपवून बाथरूमला जायला निघाले आणि उंबऱ्यात कोसळले. काकू नंबर लिहिलेला कागद मायच्या टिकल्यांच्या डब्याखाली ठेवून गेल्या.

एका श्वासात मोजा

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. मग त्यांनी हातोडी खिशात ठेवली. "प्रज्ञाबेन, लांब श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे मोजा."

मी सत्तावीसपर्यंत गेले. मला वाटलं, काय हा पोरखेळ.

दुपारी पुन्हा मोजायला लावलं. एकोणीस.

संध्याकाळी अकरा.

तेव्हा कळलं की हा खेळ नाही. आजाराचं नाव जीबीएस. आपलं शरीर चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतं. पायापासून वर चढत जातं. छातीपर्यंत चढलं की श्वास थांबतो. "उतरतं," डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांचं उतरतं. पण उतरेपर्यंत मशीन लागेल. आणि मशीनवरून तुम्हाला तुमच्या छातीनेच सुटावं लागेल. ते आम्ही नाही करू शकत."

मी विचारलं, "हे त्या मिलच्या पाण्यामुळे झालं ना?" आमच्या नाल्यात रंगाचं पाणी येतं, त्यावर माझी तीन पत्रकं आहेत. डॉक्टर म्हणाले, "पोटाच्या जंतूमुळे होऊ शकतं. पाणी असेल, गाडीवर खाल्लेला लोचो असेल. सांगता येत नाही."

मला राग आला. त्यांनी सांगायलाच हवं होतं. माझ्यावर अन्याय झाला असता तर मी लढले असते, त्याची मला सवय आहे. लोचो खाऊन लुळं पडण्याविरुद्ध मोर्चा कसा काढायचा? घशात नळी जायच्या आधीचं माझं शेवटचं वाक्य होतं, "लेखी द्या."

खाटेवरचं माणूस ऐकतं

हे ठळक अक्षरात वाचा. औषध दिलं म्हणून झोपलंय, हलत नाही म्हणून कळत नाही, असं समजू नका. माझी आत्या माझ्या डोक्याशी उभी राहून मायला म्हणाली, "आता हिचं लग्न विसर." मी ऐकत होते. एका नातेवाइकाने बाहेर जाता जाता मायला विचारलं, "घरी न्यायचं कधी ठरवताय?" मी ऐकत होते. डोळा मिटून उत्तर देता यायचं, एकदा हो, दोनदा नाही. पण मला कुणी विचारत नव्हतं, सगळे माझ्याबद्दल विचारत होते. भेटायला जाल तर माणसाशी बोला. बोलायला काही नसेल तर गप्प उभे राहा. तेही चालतं.

आणि तिथे आठ खाटा होत्या. दिवसरात्र सारखाच पांढरा उजेड. दर थोड्या वेळाने नळीतून कफ ओढायचे, तेव्हा बुडाल्यासारखं व्हायचं. सिस्टर जागृतीबेन प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "बेन, हवे तकलीफ थशे." आता त्रास होईल. बाकी कुणी सांगायचं नाही. त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांना सलाम करते.

श्वास देख

आता मायचं. माय आमच्या वस्तीतल्या विहारात जाते. दोन वर्षांपूर्वी दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर करून आली, डोळे मिटून, मौन धरून, श्वास बघायचं. मला ते सहन झालं नाही. गटार तुंबलंय, पगार अडकलेत आणि ही माणसं नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठेवून बसलीत. बुद्धपौर्णिमेला मी विहाराच्या दारातच पत्रक वाटलं. त्यात लिहिलं होतं, "मिटल्या डोळ्यांना गटार दिसत नाही." मायला ते तिच्या मैत्रिणीने वाचून दाखवलं. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, बघा, मौन इथेही चालू.

तर ही माय आयसीयूत आली, तोंडावर मास्क, डोक्यावर हिरवी टोपी. माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "श्वास देख, बेटा. येस, जास. फक्त देख." येतो, जातो, फक्त बघ.

मला हात असते तर मी तिला ढकललं असतं. कुणाचा श्वास बघू? तो माझा नव्हता. भिंतीतल्या नळीतून हवा यायची, मशीन ती माझ्या छातीत कोंबायचं आणि काढून घ्यायचं. मला हवी असायची तेव्हा यायची नाही, नको असताना यायची. मी विरुद्ध ओढायचे, मग मशीन ओरडायचं, सिस्टर धावत यायच्या, झोपेचं औषध. दिवसातून दहा वेळा हेच. मालकाशी भांडावं तशी मी मशीनशी भांडत होते, आणि दर वेळी हरत होते.

आबा वाचतात

दोन आठवड्यांनी तोंडातली नळी काढून गळ्याला भोक पाडून तिथून बसवली. तोंड मोकळं झालं, पण आवाज नाही. ओठ हलवले तर कुणाला काही कळेना. माय अंदाज करायची, "दुखतंय? पाणी? लाईट?" मी रडायचे.

मग आबा आले. आबांचं आणि माझं आठ महिने धड बोलणं नव्हतं. कारण पुन्हा पत्रक. "माझ्या बापाचे कान कोणी खाल्ले?" असं मी मोठ्या अक्षरात छापलं होतं. खात्यात शंभर लूम एकदम धडधडतात, त्यात आबांचे कान गेले, हे खरं आहे. पण छापण्याआधी मी त्यांना विचारलं नव्हतं. शेठने पत्रक वाचलं आणि बहिऱ्याला लूमवर ठेवणं धोक्याचं म्हणून आबांना घडीच्या खात्यात टाकलं, कापडाच्या घड्या घालायला. तेव्हापासून आबा "जेवनी का?" एवढंच विचारायचे.

त्या दिवशी ते खाटेच्या पायाशी उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "बोल. आवाज नको काढू. मी देखस."

मी ओठ हलवले.

"मान आखडनी तिची," आबा सिस्टरला म्हणाले. "उशी थोडी डावीकडे."

मी पुन्हा हलवले.

"आणि म्हणते, आत्याला आत सोडू नका."

जागृतीबेन हसल्या. "काका, तमने केवी रीते समजायुं?" तुम्हाला कसं कळलं?

"बेन, तीस साल ऐसेच बात किया. खाते में कौन किसका सुनता है?"

खरंच. लूमवरची माणसं ओठ वाचतात. हाताच्या खुणा करतात, तार तुटला, बॉबिन संपली, मशीन बंद कर. घरात आम्ही त्यावरून आबांची नक्कल करायचो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी ऐकलं आणि ते आमच्या घरातलं एकमेव माणूस होतं, ज्याला ऐकू येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी आबांना म्हटलं, "बंद कर."

तो वाईट दिवसांपैकी एक होता. पाय हलत नव्हते. मशीन नुकतंच ओरडून थांबलं होतं. मी ओठ स्पष्ट हलवले. आबांनी वाचलं, आणि त्यांचा उजवा हात उठला. विचार करून नाही. तीस वर्षं कुणी "बंद" म्हटलं की तो हात आपोआप जातो. तो मशीनच्या दिशेने निघाला. मी त्याच्याकडे बघत होते. मी त्याला थांबवायला काही केलं नाही, हे लिहायला मला फार जड जातंय, पण लिहिते.

हात मध्येच थांबला. आबांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग तो त्यांनी सावकाश मशीनच्या कडेवर सपाट ठेवला. लूमवर ठेवतात तसा.

"काका, मशीनने हाथ नई लगाडवानो," सिस्टर ओरडल्या.

आबांनी हात काढला आणि माझ्या छातीवर, गळ्याच्या खाली ठेवला. बराच वेळ. मग म्हणाले, "मशीन बरोबर चाली राहिनं. तूच भांडी राहिनी."

मी डोळे फिरवले.

"आयक. नवा कारीगर लूमवर येस ना, तो मशीनच्या पुढे पळस. तार तुटस. मी त्याले काय सांगस? हात ठेव. काही करू नको. ते कसं चालस, ते कळू दे. मग तुना हात." आणि त्यांनी माझ्या मनगटावर बोटाने ठोके द्यायला सुरुवात केली. हवा आत. थांब. बाहेर. हवा आत. थांब. बाहेर. दहा मिनिटांची भेटीची वेळ संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आल्याआल्या म्हणाले, "काल मना हात उठना. मायले सांगू नको."

मी ओठांनी म्हटलं, "मीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं? माले वाचताच नाही उनं."

त्यांना खसखशीएवढा शब्द वाचता येतो. मी मग खूप मोठे ओठ करून म्हटलं, "कानांचं छापलं ते चुकलं."

"हां," आबा म्हणाले. "हे वाचता येस."

नाक मुरडून एक शब्द

त्यानंतर मी भांडणं सोडलं. हरून नाही, दमून. आबांच्या ठोक्यावर श्वास सोडत राहिले. एके दुपारी लक्षात आलं की मशीनची थरथर खाटेतून माझ्या पाठीत येतेय. मग आणखी काय काय येतंय ते कळायला लागलं. ट्रॉलीची चाकं. लिफ्ट. खालच्या रस्त्यावरचे कापडाचे टेम्पो. शेजारच्या मशीनचा वेगळा ठेका. भिंतीतून एक जाड नळी जाते, तिला आठ फाटे आहेत, प्रत्येक खाटेला एक. आम्ही आठ जण त्या एका नळीवर होतो. कोण कुठल्या जातीचं, कोण कुठल्या वस्तीतलं, कोण मालकाच्या घरचं, काही माहीत नाही. हवा एकच, आत जायची, बाहेर यायची, कुणाचीच नसायची.

"एकजूट" हा शब्द मी हजारो पत्रकांवर छापलाय. तो मला अंगाने पहिल्यांदा कळला, तोही बोटसुद्धा हलत नसताना.

ह्याला अध्यात्म म्हणतात का, मला माहीत नाही. हा शब्द मी आयुष्यभर शिवीसारखा वापरला. दुसरा सापडेपर्यंत नाक मुरडून हाच वापरते. एवढं खरं की तोवर मी विचारत होते, हे माझ्याच वाट्याला का. त्या दुपारपासून "माझ्याच" ह्या शब्दात दम राहिला नाही. मायला हे ओठांनी सांगायचा प्रयत्न केला. तिला अर्धंच कळलं. ती म्हणाली, "उशी देऊ का?"

हसुमतीबेन

पण थांबा. इथे गोष्ट संपवली तर मी शिबिरवाल्यांसारखीच खोटी ठरेन.

शेजारच्या खाटेवर हसुमतीबेन होत्या, कामरेजकडच्या. मान वळत नसल्यामुळे मला त्यांचा चेहरा कधी दिसला नाही. दिसायचा एक पाय आणि पायातलं चांदीचं कडं. निघत नव्हतं म्हणून त्यावर पट्टी गुंडाळलेली. त्यांचं मशीन माझ्यापेक्षा जलद चालायचं. माझे दोन श्वास, त्यांचे तीन. अधूनमधून दोघींचे एकदम जुळायचे. मी त्याची वाट बघायचे.

एका दुपारी त्यांच्याभोवती पडदा ओढला. पळापळ झाली. मग त्यांचं मशीन बंद केलं. मला वाटलं होतं मला दुःख होईल. झालं ते असं की माझाच ठेका तुटला, छाती आवळली, मशीन ओरडायला लागलं. ती जागा कानात भोक पडल्यासारखी रिकामी होती. सून बाहेर रडत होती, ते ऐकू येत होतं. नंतर कुणीतरी कडं कापून काढलं, त्याचाही आवाज आला.

सगळ्यांशी जोडलेलं असणं म्हणजे सगळ्यांच्या मरणाशीही जोडलेलं असणं. हे दहा दिवसांच्या शिबिरात सांगतात का, मायला मी अजून विचारलेलं नाही.

नळी काढून

त्याच आठवड्यात माझ्या मशीनवरून सुटायच्या परीक्षा सुरू झाल्या. मशीनची नळी गळ्यापासून काढतात, तिथे फक्त ऑक्सिजन लावतात आणि बघतात, छाती किती वेळ चालते. पहिल्या दिवशी चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी सहा, आणि मी निळी पडले. डॉक्टर आबांना बाजूला घेऊन म्हणाले, पण मला ऐकू येईल एवढ्या जवळ, "ताकद आलीय. भीती सुटत नाहीये. असंच राहिलं तर छाती मशीनला सोकावेल, मग महिने जातील." महिने म्हणजे काय, ते मला समोरच्या खाटेवर कित्येक महिने मशीनवर पडलेल्या पेशंटकडे बघून कळत होतं.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी हसुमतीबेनच्या खाटेवर नवीन पेशंट आणला. कुणीतरी बाई. रात्रपाळीहून येताना गाडीने उडवलेली, एवढंच सिस्टर बोलताना ऐकलं. ट्रॉली समोरून जाताना मला तिच्या डोक्यावरचं बँडेज दिसलं आणि तिचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

माझी नळी काढली. आबांना आत सोडलं नव्हतं. पहिला श्वास आला, दुसरा आला, तिसरा भीतीने अर्ध्यातच अडकला. मी मायचं ऐकून श्वासाकडे बघितलं, तो अजूनच पळाला. आबांचे ठोके आठवले, पण मनगटावर कुणाचं बोट नव्हतं. छातीत हवा शिरायची जागा संपत चालली होती.

तेव्हा ते ऐकू आलं. शेजारी. हवा आत. थांब. बाहेर.

तिचं मशीन सावकाश चाललं होतं. मी तिच्याबरोबर सोडला. तिच्याबरोबर घेतला. एकदा चुकला, तिच्या पुढच्या श्वासाला पुन्हा पकडला. ती बेशुद्ध होती, तिला काही माहीत नव्हतं, आणि मी तिच्या श्वासाला लोंबकळून होते. दहा मिनिटं झाली. मग वीस. डॉक्टरांनी विचारलं, "थकल्या?" मी दोनदा डोळे मिटले. नाही.

दुसऱ्या दिवशी चार तास. मग अख्खा दिवस. आठवडाभराने मला वॉर्डात हलवायचं ठरलं.

खाट ढकलत नेताना त्या बाईच्या खाटेजवळून गेली. तिचा हात कठड्याबाहेर आला होता. माझे हात अजून उचलत नव्हते. मी ओठांनी जागृतीबेनना थांबायला सांगितलं. एवढ्या दिवसांत त्याही थोडं वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी माझा हात उचलून त्या हातावर ठेवला. गरम होता. नखांत रंग अडकलेला होता, प्रोसेस हाऊसमध्ये काम करणाऱ्यांच्या असतो तसा. तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. ती वाचली का, हे मी दोनदा जाऊन विचारलं, तिथे कुणाला सांगता आलं नाही.

"ओळखो छो एमने?" जागृतीबेननी विचारलं. ओळखता तुम्ही यांना?

मी एकदा डोळे मिटले.